आतली कडी

सागवानात ड्रिल फिरलं की भुसा जळाल्याचा कडवट वास येतो. आज अंगणातल्या शेडमध्ये बिजागऱ्या बसवताना तो आला आणि मी थेट पोंभुर्ण्याच्या सासरी, माझ्या खोलीच्या दाराशी पोचले.

नवरा कामासाठी बाहेरगावी असायचा. थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, न विचारता केव्हाही खोलीत शिरायचे. शेवटी मी माहेरून, बाबांच्या सुतारकामातलं ड्रिल आणलं. कडी दारावर धरून पेन्सिलीने खुणा केल्या आणि ड्रिलचं टोक घसरू नये म्हणून त्यांवर खिळ्याने बारीक खळगे पाडले. एक भोक जरी सरकलं असतं, तरी कडी कोयंड्यात बसली नसती.

आवाज ऐकून भासरे आले. "आतून कडी कायले? घरात चोर आहे का?"

"चोर नाई भाऊजी. पन ही खोली माही आहे."

"बंद कर ते!"

मी ड्रिल सोडलं नाही. तेवढ्यात सासूबाई चुलीपासून उठून आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं. "हालून राह्यलं हे. मी धरून आहो, तू पाड भोक."

भासरे पाय आपटत गेले. कडी खटकन बसली.

तेव्हा वाटलं, सासूबाई माझ्यासाठी उभ्या राहिल्या. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, ते तेवढंच नव्हतं. संध्याकाळी त्या मला आपल्या खोलीच्या दाराशी घेऊन गेल्या होत्या.

"इथीबी लाव," म्हणाल्या.