जिनातला नवा स्विच

तळेगावच्या रस्त्यावरच्या एका कापसाच्या जिनात मी कॉम्प्युटरवर बसते. माझी मायही तिथेच कामाला होती. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, टाकण्याआधी कापसातला पालापाचोळा आणि किडकी कवडी वेचायची. दिवाणजींच्या मागे लागून मला ही नोकरी तिनेच मिळवून दिली.

हंगामात आमचं नेटवर्क इतकं सुस्तावायचं, की वजनकाट्यावरची पावती निघेपर्यंत कापूस आणलेले कास्तकार माझ्या सात पिढ्या उद्धरायचे. त्याच नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचं तर विचारूच नका. मालक शेटजींच्या पडद्यावर वेचणाऱ्या बाया निम्मा वेळ थिजलेल्या. शेवटी त्यांनी बघणंच सोडलं, आणि बायांनीही कॅमेरा शोभेचा धरला.

मायला दम लागायचा. सेवाग्रामला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, धुळीतलं काम सोडा. सोडून खायचं काय, हे डॉक्टरांना विचारायचं नसतं. मग बायांनीच आपसात ठरवलं. माय तोंडाला पदर बांधून कापसाच्या गंजीच्या आडोशाला बसायची, आणि जिचं टोपलं आधी भरेल ती मायच्या टोपल्यात ओतायची. याची कुठे वाच्यता नव्हती.

यंदा मी पावत्यांचं रडगाणं इतकं गायले, की शेटजींनी नागपूरहून माणूस बोलावला. त्याने नेटवर्कचा जुना स्विच काढून अडीच गिगाबिटचा बसवला. वायरी त्याच, फक्त डबा बदलला. पावत्या झटपट निघू लागल्या. मी खुशीत त्या माणसाला चहा पाजला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात शेटजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर रेच्याजवळचं सगळं न अडखळता चालू होतं. एक बाई आपलं टोपलं दुसरीच्या टोपल्यात ओतत होती, आणि ती दुसरी बसून खोकत होती. मोठं करून दाखव, म्हणाले. मी केलं.

"ही कोन आहे?"

मला खोटं सुचलं नाही. सुचायला हवं होतं. "माय आहे माही," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नाही, म्हणूनच जास्त राग येतो. "मंग तूच सांग तिले, उद्यापासून येऊ नको म्हना. माह्या तोंडून बरं नाई दिसत."

जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं. माय चिडली नाही, रडलीही नाही.

"बाकीच्या बाया पन दिसल्या काय त्यायले?"

दिसल्या, मी म्हणाले. तिने अर्धा जेवलेला डबा झाकला आणि उठून रेच्याजवळ गेली. वर कॅमेऱ्याकडे डोळ्याने खुणावत, एकेकीच्या कानाशी लागून काहीतरी सांगत फिरली.

दुसऱ्या दिवशी माय घरीच राहिली. मी माझ्या कॉम्प्युटरवर रेच्याजवळचा कॅमेरा लावून पाहत होते. बायांमधली सगळ्यात म्हातारी, गुडघे गेलेली, भरलेलं टोपलं जमिनीवरून ओढत नेत होती. बाकीच्या खाली मान घालून तिच्या बाजूने ये-जा करत होत्या. एकीनेही हात लावला नाही.