ओळखीचा कार्यक्रम

त्या रविवारच्या सहलीचा विषय निघाला की आमच्या घरात आजही माझ्याआधी सौ. बोलायला लागते. त्यामुळे ती हकिगत माझ्या स्मरणातून जाण्याचा प्रश्नच येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या गुन्ह्याचा धागा मिसळ खाता खाता हाती लागला असा हा एकच.

तेव्हा मी सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीत दिवसाढवळ्या घरफोड्या सुरू झाल्या होत्या. बंद फ्लॅट, उचकटलेला कडी-कोयंडा, रिकामे कपाट. चोर यायचे ते दुपारी, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असताना. पुण्यात त्या वेळी दाराची बेल वाजवणाऱ्याला गुन्हेगार समजतात. बेल न वाजवता आत शिरणाऱ्याकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही.

फिर्यादी सगळे निवृत्त. कुणी शिक्षक, कुणी बँकेतले, कुणी सरकारी कचेरीतले. मुले परदेशी, घरात नवरा-बायको दोघेच. आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या जबाबात येत होती. चोरीच्या दिवशी ही मंडळी एकाच सहलीला गेली होती. सकाळी स्वारगेटहून बस निघायची ती धरणाच्या पाण्यालगतच्या एका गावाला. वाटेत मिसळ, गावात होडीतून फेरी, पाणपक्षी, देवराई, शाळेच्या पटांगणात पंगत, आणि संध्याकाळी परत. सहल चालवणारी गाइड त्याच गावची एक तरुण मुलगी होती.

अशातच ठाण्यात एक फोन आला. मी त्या दिवशी कोर्टात साक्षीला गेलो होतो, त्यामुळे तो आमच्या हवालदारांनी घेतला. बोलणारे गृहस्थ विश्रांतवाडीचे. त्यांचेही घर असेच सहलीच्या दिवशी फुटले होते आणि त्याची फिर्याद तिकडच्या ठाण्यात दाखल होती. त्यांनी आपले नाव-पत्ता सगळे व्यवस्थित दिले आणि म्हणाले, "कुणावर आळ घ्यायचा माझा स्वभाव नाही. पण ती मुलगी प्रत्येकाची फार चौकशी करते हो. गरिबाघरची आहे. आपण बघावं, एवढंच."

झाले! एकाने बोट दाखवल्यावर बाकीच्यांनाही सगळे आठवायला लागले. पुरवणी जबाबात एकेकाने लिहून दिले: संशय, सहलीतील गाइड मुलगी, नाव माहीत नाही. पूर्ण दिवस तिच्याबरोबर फिरले, तिच्या आईच्या हातचे जेवले; पण नाव माहीत नाही.

मी तिला ठाण्यात बोलावले. महिला अंमलदार शेजारी बसवली. मुलगी आली ती थेट होडीवरूनच आल्यासारखी. चपलांना चिखल, खांद्याला दुर्बीण. घाबरलेली होती, पण रडली नाही. संशयितांमध्ये मी एक पाहिले आहे. खोटे बोलणारा माणूस पोलिसांच्या डोळ्यांत बघतो, कारण तसे बघावे असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. ही मुलगी टेबलाकडे बघून बोलत होती आणि मध्येच राग आला की वर बघत होती.

"तुला या लोकांचे पत्ते कसे कळतात?" मी विचारले.

"मला कशाला कळाया हवेत, सायेब? मी बसमध्ये कोन चढलं, कोन उतरलं तेवढं बघते."

"मग चोरांना कसे कळतात?"

तिने वर बघितले. "ते तर हेच लोक सांगत्यात की! माईकवर. बस सिंहगड रस्त्याला लागली की ओळखीचा कार्यक्रम असतो. कुठं राहतो, काय नोकरी केली, पोरं कोनत्या देशात हायेत. सगळं सांगत्यात. मागच्या बाकापातुर ऐकू जातंय."

मी पेन खाली ठेवले. ती पुढे म्हणाली, "सायेब, तुम्ही मला बोलावलं. बसमधल्या बाकी कुनाला बोलावलं का?"

नव्हते बोलावले. त्यांना फिर्यादी म्हणून खुर्च्या दिल्या होत्या आणि चहा पाजला होता.

तिच्या मोबाइलवरचे कॉल तपासले. काही सापडले नाही. वरिष्ठांचे म्हणणे, दुसरा फोन असेल, अटक करा, कोठडीत बोलेल. वर्तमानपत्रात रोज काही ना काही छापून येत होते, त्यामुळे त्यांचीही घाई समजण्यासारखी होती. पण मला दिसत होते की हिला एकदा आत घेतले की विषय संपला. उद्या निर्दोष सुटली तरी तिच्या बसमध्ये कोण बसणार? गावातल्या ज्या बायका त्या पंगतीसाठी भाकऱ्या थापत होत्या त्यांच्या चुली थंडावणार. आणि त्या मुलीला लोक आयुष्यभर 'ती चोरीतली' म्हणूनच ओळखणार. पुराव्याशिवाय मी हे होऊ देणार नव्हतो. वरिष्ठांना म्हणालो, "साहेब, मला एक रविवार द्या. काही हाती लागलं नाही तर सोमवारी तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी दिला. तोंड वाकडे करून दिला, पण दिला.

मुलीला मी एवढेच सांगितले की रविवारी मी येतो, मला ओळखायचे नाही. धायरीला माझ्या मेहुण्याचा फ्लॅट रिकामा होता. त्यात आमचे हवालदार आणि तपास पथकातला एक जवान सकाळीच जाऊन बसले. बाहेरून कुलूप. आतून पंखासुद्धा लावायचा नाही, अशी ताकीद. बरोबर सौ.ला घेतले. पुरुष एकटाच सहलीला आला तर पुण्यात पहिला संशय त्याच्यावर येतो.

स्वारगेटला बसमध्ये चढलो. मुलीने आमच्याकडे अनोळखी नजरेने बघून खिडकीची जागा दिली. बस सिंहगड रस्त्याला लागताच पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. पांढराशुभ्र झब्बा, चांदीसारखे केस, गोड आवाज. "चला मंडळी, ओळखीचा कार्यक्रम!" म्हणत त्यांनी माईक हातात घेतला. ते सहलीला नेहमी येणारे होते आणि हा कार्यक्रम त्यांनीच सुरू केलेला होता, असे शेजारणीने सौ.ला सांगितले. त्यांनी आपली ओळख करून दिली तेव्हा माझे कान टवकारले. विश्रांतवाडीचे ते फोनवाले गृहस्थ हेच. "मी सडाफटिंग. मागे-पुढे कुणी नाही. ही बस हेच माझं कुटुंब!" टाळ्या पडल्या.

मग माईक फिरू लागला आणि मी थक्क होऊन ऐकत राहिलो. दाराला तीन कुलपे लावणारी, कुरिअरवाल्याला साखळीआडून बोलणारी ही माणसे. पण हातात माईक आला की कुठली सोसायटी, कितवा मजला, मुलगी कॅनडात, समोरचे शेजारी गावाला, सगळे हसतहसत सांगत होती. कुणी थांबले तर गृहस्थ गोडीत पुढे ढकलायचे. "अहो वहिनी, एवढ्यात कुठं? घरी वाट बघणारं कुणी आहे की नाही?" वहिनी लाजून सांगायच्या, "कोण असणार? कुलूप!"

माझी पाळी आली. मी बँकेतून निवृत्त झालो, धायरीच्या फ्लॅटचा खरा पत्ता सांगितला, मुलाला ऑस्ट्रेलियात पाठवला. इथे थांबायचे ठरले होते. पण सौ.ने माझ्या हातून माईक घेतला आणि म्हणाली, "ह्यांना बँकेचा इतका कंटाळा आलाय, की माझे दागिनेसुद्धा लॉकरमध्ये ठेवत नाहीत!" बस हसली. मला घाम फुटला. इतके उघड बोलल्यावर कोण फसणार, असे वाटले. पण लोभी माणसाला संशय येत नाही, हे सौ.ला माझ्यापेक्षा जास्त कळत असावे.

मिसळीसाठी बस थांबली. मी समोरच्या टेबलांवर नजर ठेवून होतो. तेवढ्यात सौ. हळूच म्हणाली, "अहो, त्या झब्बेवाल्यांची मिसळ बघा."

"काय झालं मिसळीला?"

"गार होतेय. ते मागच्या बाजूला फोनवर आहेत. ज्याच्या मागे-पुढे कुणी नाही, तो गरम मिसळ सोडून कुणाशी बोलतोय?"

मी हात धुण्याच्या निमित्ताने मागे गेलो. गृहस्थांनी मला पाहताच आवाज चढवला, "गोळी घेतली का वेळेवर? हां, मग झोप." फोन बंद करून माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. तेवढ्याने कुणाला अटक होत नाही.

गावात पोचलो. होडीत बसताना गृहस्थ प्रत्येकीच्या कानाशी लागत होते, "पर्स सांभाळा बरं का. इथली माणसं..." पुढचे बोलत नव्हते. मुलगी बायकांना हात देऊन होडीत चढवत होती. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तिचा पुढे आलेला हात घेतला नाही. पर्स छातीशी धरून त्या एकट्याच चढल्या, जवळजवळ पाण्यात गेल्या. मुलीने ते पाहिले. हात मागे घेतला आणि पाण्याकडे बोट दाखवून पक्ष्याचे नाव सांगायला लागली. मला फार वाईट वाटले आणि तितकाच संताप आला. आज याचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय पुण्याला परतायचे नाही, असे मी तिथेच ठरवून टाकले.

गावात मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या पटांगणात येत होती. पंगतही तिथेच बसली. नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा. मी पहिला घास घेणार, तोच फोन थरथरला. हवालदार होते.

"साहेब, पाहुणे आलेत. दोघं. दार उचकटून आत आले, मी म्हटलं या, बसा."

"कुणी पाठवलं म्हणतात?"

"तोंड उघडत नाहीत. पण एकाच्या फोनवर सकाळी एक कॉल आलाय. तुमची मिसळ चालू असेल तेव्हाचा."

"त्याच्याच फोनवरून त्या नंबरला लावा. आत्ता."

मी उठून उभा राहिलो. पंगतीत वाढणाऱ्या बायकांचे पैंजण आणि भांडी एवढाच आवाज होता. मग पांढऱ्या झब्ब्याच्या खिशात फोन वाजला. गृहस्थांनी काढला, नाव बघितले, घाईने बंद केला. पुन्हा वाजला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"घ्या की. धायरीहून आहे. गोळी घेतली म्हणून सांगत असतील."

त्यांच्या हातातला घास पानात पडला. मी ओळखपत्र दाखवले. सगळी पंगत थांबली होती.

रीतसर चौकशी नंतर ठाण्यात झाली. ते दोघे चोर त्यांच्या जुन्या ओळखीचे निघाले. पत्ता हे द्यायचे, कुलूप ते तोडायचे. स्वतःच्या घरातली चोरी यांनी रचलेली होती, म्हणजे फिर्यादींच्या रांगेत उभे राहता यावे. आणि तपास वळवायला ती मुलगी सोयीची होती. मुद्देमालही बराचसा परत मिळाला. गृहस्थांना पश्चात्ताप नव्हता. मला म्हणाले, "साहेब, मी कुणाच्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. लोकांनी आपण होऊन सांगितलं, मी ऐकलं. ऐकणं गुन्हा आहे का?"

"ऐकण्याबद्दल अटक नाही," मी म्हणालो. "पुढं सांगितलंत त्याबद्दल आहे."

पण मला सांगायचे आहे ते परतीच्या प्रवासाचे. गृहस्थांना आमच्या गाडीने आधीच पुढे नेले होते. पुढचा बाक रिकामा आणि त्यावर माईक तसाच पडलेला. मुलगी ड्रायव्हरशेजारी बाहेर बघत बसली होती. घाट उतरल्यावर त्या मुख्याध्यापिका बाई उठल्या. बाकांच्या दांड्या धरत पुढे गेल्या आणि माईक उचलला.

"सकाळी आपण सगळ्यांनी ओळख करून दिली," त्या म्हणाल्या. "एकीची राहिली. इतक्या सहली झाल्या, कुणीच विचारली नाही." त्यांनी माईक मुलीपुढे धरला. "सांग बाळ. आणि सकाळी तुझा हात घेतला नाही, त्याबद्दल मला माफ कर."

मुलगी आधी नको म्हणाली. मग उभी राहिली. तिने आपले नाव सांगितले. वडील मासे धरत्यात म्हणाली. आता तुम्ही खाल्ल्या त्या भाकऱ्या आई आणि शेजारणी करत्यात म्हणाली. "घरी आम्ही चौघं. पाण्याला लागूनच घर हाय. दाराला कडी हाय, कुलूप न्हाई. कधी लागलंच न्हाई." एवढे सांगून तिने माईक परत केला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी तिचा हात धरला आणि स्वारगेट येईपर्यंत सोडला नाही.

चोरी कशी होते हे शिकण्यात माझी सगळी नोकरी गेली. या सहलीने मला दुसरेच शिकवले. बसमधल्या प्रत्येकाला गोड बोलणारा माणूस आपला वाटला आणि दिवसभर राबणारी मुलगी परकी, कारण एकाचे नाव ठाऊक होते आणि दुसरीचे नव्हते. आम्ही पोलीसही त्यांच्याच कागदावरून चाललो होतो.

त्यानंतर जेवढी नोकरी उरली होती, तेवढ्यात कुणीही फिर्याद देताना 'संशयिताचे नाव माहीत नाही, पण कामवाली आहे', 'वॉचमन आहे', 'गाइड आहे' असे सांगू लागले, की मी अंमलदाराला लिहिताना थांबवायचो.

"आधी जाऊन नाव विचारून या," मी फिर्यादीला म्हणायचो. "संशय मग घेऊ."