ओसरीवरचा राउटर

दत्तमहाराजांचा अपवाद सोडला तर माझ्या आत्याला गप्प करील असा गाणगापुरात कुणी जन्मला नाही, आणि महाराजांचंही ती सगळंच ऐकते असं नाही. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती भांडते आहे. भांडणाच्या भाषासुद्धा तिनं वाटून दिल्या आहेत. देवाशी मराठीत, दूधवाल्याशी दख्खनी उर्दूत आणि वीज गेली की ओट्यावर उभं राहून कन्नडमध्ये. "आत्या, विजेला मराठीत बोल की," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, "ती कर्नाटक सरकारची हाय. तिला मराठी कामून कळंल?" आणि खरं सांगतो, त्या दिवशी चार शिव्या हासडून ती आत वळते न वळते तोच दिवे आले. तेव्हापासून तर तिला धरबंधच उरला नाही.

गाणगापुरात दुपारी माधुकरी मागायची रीत आहे. पुण्यामुंबईकडचे चांगले गाडीवाले भक्तही झोळी घेऊन पाच घरं फिरतात, आणि त्या गर्दीत महाराज कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, म्हणून कुणाला विन्मुख पाठवायचं नाही. ही रीत गाव पाळतं. आत्या ती अंगावर धावून जाऊन पाळते. कुणी लाजून पुढच्या घराकडे निघाला तर त्याला हाका मारून परत आणते, झोळीत भाकरी घालते आणि वर रागावते, "एवढ्यानं पोट भरतंय व्हय? धर आनखी." एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिनं असंच पिठलं-भाकरीला बसवलं. तो बिचारा 'जेवून आलोय' म्हणून शपथा घेत होता. दुपारच्या वेळी तिच्या दाराला कडी लागलेली मी तरी कधी पाहिली नाही.

अशा घरात राउटर बसवायचं काम माझ्या वाट्याला आलं. आतेभाऊ नोकरीसाठी सिंगापूरला गेलेला, तिकडेच त्याला मुलगी झालेली, आणि आत्यानं नातीला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर तरी दोघींची गाठ पडावी म्हणून त्यानं फोनच्या लाइनीवर नेट घ्यायला लावलं आणि मी सोलापूरहून राउटर घेऊन गेलो. तो माजघरात कॉम्प्युटरजवळ ठेवावा असं माझं मत होतं. ते मत ऐकून घेण्याच्या आतच आत्यानं राउटर ओसरीच्या खुंटीला टांगला. मग मी पासवर्ड काय ठेवायचा ते विचारलं.

"त्यो कशाला?"

"दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून."

"मग लावूच नगं. दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं व्हय?"

"अगं, महाराज काय इंटरनेट मागायला येणार आहेत?"

"महाराजांनी काय मागायचं ते तू ठरवायलास?"

तरी मी पासवर्ड घातलाच, कारण भावानं फोनवर बजावलं होतं, "आईनं नेट सगळ्यांना खुलं केलं तर आम्ही एकमेकांना धड दिसणार नाही. तसं झालं तर मी ती लाइनच काढून टाकीन." आत्यानं पासवर्ड पाठ केला आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरीबरोबर वाटायला घेतला. झोळी भरली की खड्या आवाजात एकेक अक्षर सांगायची. मोबाइलवाली पोरं ओसरीवर बसकण मारू लागली. शेजारचे पुजारी समजावायला आले, "अक्का, पासवर्ड असा कुणाला सांगायचा नसतो." आत्या म्हणाली, "झाकून ठिवायला ती काय चोरीची वस्तू हाय?" पुजारी आल्या पावली परत गेले, पण जाताना त्यांनीही आपला फोन जोडून घेतला.

मग एक रविवार नेमका पौर्णिमेचा आला. ओसरी माणसांनी गच्च भरलेली, आणि आत आत्या पदर सावरून कॉम्प्युटरपुढे बसलेली. नात भिंत धरून उभी राहायला लागली होती. आज बहुतेक हात सोडून चालेल, असं भावानं सांगितलं होतं. पोरगी दिसली. उभी राहिली, एक पाय उचलला, आणि चित्र तिथंच थिजलं. आवाज तेवढा येत होता.

मी ताडकन उठलो. "थांब, त्या सगळ्यांना बंद करायला लावतो." आत्यानं माझं मनगट धरलं. दारातून ओसरीचा कोपरा दिसत होता. तिथं उदगीरकडची एक तरणी बाई फोन तोंडापुढे धरून बसली होती. लग्न होताच तिचा नवरा मस्कतला गेला होता, हे तिनं भाकरी घेताना आत्याला सांगितलं होतं.

"तिचा माणूस दिसायलाय तिला," आत्या म्हणाली. "बस खाली."

तिकडे भाऊ ओरडत होता, "आई, चालली! चालली बघ! दिसतंय ना?"

"दिसायलंय की रे!" आत्या त्याच्याहून मोठ्यानं म्हणाली. "ग्वाड चालायलीय. माझ्यावरच गेलीय, कुणाचं ऐकायची न्हाई ती."

पडद्यावर पोरगी एक पाय उचलून तशीच उभी होती. मी भावाला खरं सांगायला तोंड उघडलं. तिकडे टाळ्या वाजत होत्या. आत्यानं डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं, आणि मग हळूच त्या उचललेल्या पायाखाली आपला तळहात धरला.