झोपाळ्याचं टेबल

गुजरातेतल्या बिलिमोऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी वजुभाई मिस्त्रींचं घर आहे. अमावास्येला ते हत्याराला हात लावत नाहीत आणि बाकीचे दिवस खोटं बोलत नाहीत, असं गल्लीत म्हणतात. पहिली गोष्ट सगळ्याच सुतारांची. दुसरी मी चाळीस वर्षं शेजारी राहून पडताळली आहे. तुटकी खुर्ची नेली की "होईल" किंवा "नाही होणार" एवढंच सांगतात. "उद्या देतो" म्हणून खरोखर उद्या देणारा सुतार मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्यापासून आठ घरं पलीकडे जसुबा राहतात. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी वजुभाईंनी त्यांना झोपाळा करून दिला होता. वजुभाईंचं ते पहिलं स्वतंत्र काम. डांगच्या सागाची सहा फुटी अखंड फळी, चार कोपऱ्यांना चार भोकं, त्यांत पितळी कड्या. खिळा एकही नाही. जसुबा त्यावर पापडीच्या शेंगा निवडत, दुपारी आडव्या होत. दोन्ही मुलं त्यावरच झोपवली.

त्यांतला मौलिक अहमदाबादला नोकरीला. कंपनीने घरून काम करायला सांगितलं म्हणून आषाढात तो घरी आला. पलंगावर बसून मांडीवर कॉम्प्युटर घेऊन आठवड्याभरात त्याची पाठ धरली. त्याने वजुभाईंना टेबल करायला सांगितलं. वजुभाई वखारीत जाऊन आले ते मान हलवतच.

"सगळं ओलं लाकूड. आत्ता टेबल केलं तर दिवाळीपर्यंत केळीच्या पानासारखं वळेल." मग झोपाळ्याकडे बघत म्हणाले, "भाभी, चार महिने ही फळी द्या. खाली आधाराला दोन लाकडी घोडे करतो, भोकांत खुंट्या बसवतो, म्हणजे हलणार नाही. करवत लावणार नाही, खिळा मारणार नाही. दिवाळीला होती तशी टांगून देतो."

"आणि तोवर मी कुठं बसू? तुमच्या डोक्यावर?"

"प्लास्टिकची खुर्ची आहे की."

"तिच्यात बसलं की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं." हसता हसता जसुबा थांबल्या. "हे बघा वजुभाई, मौलिकच्या शब्दावर नाही देत मी. तुमच्या शब्दावर देते."

तीन दिवसांत टेबल उभं राहिलं. फळी आत नेताना दुसरं टोक वजुभाईंच्या मुलाने, परेशने धरलं होतं. परेशचं स्टेशनाजवळ लाकूडकामाचं स्वतःचं मशीनवालं दुकान आहे. बोलणं सगळं त्याच्यासमोरच झालं होतं.

पावसाळाभर छताचे हूक रिकामे होते. मी दिसलो की जसुबा खुर्चीतून हाक मारत, "मास्तर, दिवाळीला किती दिवस राहिले?" शाळेतली मुलंसुद्धा सुट्टीची एवढी वाट बघत नसत. नवरात्रात त्या दहा दिवस सुरतेला लेकीकडे जाऊन आल्या, तेवढाच काय तो बदल.

धनतेरसच्या सकाळी त्यांनी कड्या चिंचेने घासून लख्ख केल्या. वजुभाई आंघोळ करून, टोपी घालून आले. फळी धरायला मला बोलावलं. मौलिक दारात उभा राहून म्हणाला, "काका, दिवाळीनंतर बघू ना. आज माझी मीटिंग आहे." वजुभाईंनी टेबलावर कडा झाकून अंथरलेलं कापड ओढलं.

फळीच्या एका टोकाची दोन भोकं नव्हतीच.

"खिडकीशी बसत नव्हतं, काका," मौलिक घाईघाईने म्हणाला. "नऊच इंच काढलेत. माझ्या बाला नवा झोपाळा आणतो ना, स्टीलचा, गादीवाला."

जसुबा पुढे झाल्या. कापलेल्या कडेवरून त्यांनी पदर ओढला. अडकला नाही. पुन्हा ओढला. मग वजुभाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "वजुभाई, ही कोर तुमच्या घरची आहे."

ते खरं होतं. लाकूड कापलं की वजुभाई कडेवर रंधा मारतात आणि मग तिच्यावरून जुनी ओढणी ओढून बघतात. एक धागा जरी अडकला तरी पुन्हा रंधा. आमच्या गावात दुसरं कुणी एवढे कष्ट घेत नाही. वजुभाईंनी कडेवरून अंगठा फिरवला आणि तडक परेशच्या दुकानाची वाट धरली. त्यांचा चेहरा बघून मीही मागे गेलो.

परेशने मशीन बंद केलं.

"भाभींच्या फळीला करवत लावलीस?"

"मौलिक म्हणाला, बाने हो म्हटलंय."

"तू विचारलंस त्यांना?"

"त्या सुरतेला होत्या, पप्पा."

"सुरतेला फोन लागत नाही?"

"विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या."

"आणि मला विचारलं असतंस तर?"

"तुम्हीही." मग जरा उजळून म्हणाला, "पण काम नीट केलंय हं. कोर बघितलीत?"

"बघितली. भाभींनीही बघितली."

नऊ इंचांचा तुकडा मशीनच्या पायाखाली टेकू म्हणून सरकवलेला होता. वजुभाईंनी खाली बसून तो स्वतः ओढून काढला. मशीन एका अंगाला कललं. परेश पुढे झाला, तसा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

जसुबांच्या ओट्यावर तुकडा ठेवून ते म्हणाले, "परेशने कापलं. शब्द माझा होता." वजुभाईंनी कानावरची पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. "उरलेली टांगतो. नवी भोकं कुठं पाडायची, तुम्ही आखा."

"मला त्यातलं काय कळतं?"

"मला कळत होतं. मग काय झालं?"

जसुबांनी दोन फुल्या मारल्या. एक फुली बोटभर आत आली होती. जन्मभर गणित शिकवलेला माणूस मी, तोंड उघडलंच होतं. वजुभाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग हाताच्या गिरमिटाने, बरोबर फुलीवरच, त्यांनी भोकं पाडली.

झोपाळा आता जाताना सरळ जातो, येताना तिरका येतो. जसुबांना त्यावर पूर्वीसारखं ऐसपैस आडवं होता येत नाही. पापडी मात्र तिथंच निवडतात. मौलिकने लोखंडी टेबल मागवलं आणि महिन्याभरात तो अहमदाबादला परतला.

त्याच दिवाळीतल्या लाभपंचमीला परेश घरी आला होता. वजुभाई अंगणात पटाशीला धार लावत होते.

"पप्पा, जसुबांच्या झोपाळ्याचं ते भोक तेवढं सरळ करून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"भाभींना विचार," वजुभाई मान वर न करता म्हणाले.

परेशने गल्लीत नजर टाकली. जसुबा दारात बसल्या होत्या, इथूनही दिसत होत्या. तो बराच वेळ उभा राहिला, मग स्कूटर वळवून स्टेशनाकडे निघून गेला. त्याला आता दीड वर्ष झालं. आठ घरं चालून तो अजून गेलेला नाही.