मंडळी उठेपर्यंत

आमच्या कंपनीत सरडे मोजणाऱ्या बाई सरड्यांना ‘मंडळी’ म्हणतात आणि बिळांजवळ बूट काढून अनवाणी चालतात. अबुधाबीजवळच्या एका बेटावर रिसॉर्ट व्हायचं होतं; त्याआधी तिथे किती सरडे राहतात याचा अहवाल आम्हाला द्यायचा होता. जानेवारीत आम्ही सकाळी सातलाच मोजणीला उतरलो, तर बिळाबाहेर एकही सरडा नाही.

“शून्य लिहा, खलास! बोट थांबलीय,” आमचे मॅनेजर म्हणाले.

“वाळू तापल्याशिवाय मंडळी उठत नाहीत.” बाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. “घाई असेल तर शून्य तुम्ही लिहा. खाली सहीही तुमचीच.”

त्यांनी पुढे केलेलं पेन मॅनेजरांनी घेतलं नाही. मी बाईंशेजारी वाळूत बसलो.

अकराला पहिलं तोंड बाहेर आलं. बाईंनी ‘एक’ लिहिलं.

“यल्ला, चला साहेब, बसा आता. बिळं पुष्कळ आहेत.”