दुसऱ्याच्या नावावर घेतलेला कॅमेरा

मला चौकोनी निगेटिव्हचा कॅमेरा हवा होता. नेहमीच्या रोलपेक्षा रुंद फिल्म लागणारा, मीडियम फॉरमॅट म्हणतात तो. एका रोलमध्ये बाराच फोटो निघतात. त्यातही मला दोन भिंगांचा हवा होता, पोटाशी धरून वरून आत डोकावायचा. कारण साधं होतं. विक्रोळीला आमच्या वस्तीत आईच्या वयाच्या पाच-सहा बायका उरल्या होत्या. लग्न होऊन विदर्भातून थेट इथे आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. त्यांचे फोटो काढायचे होते. पण मी माझा डिजिटल कॅमेरा डोळ्याला लावला की त्या पदर ओढून पासपोर्टला बसल्यासारख्या ताठ व्हायच्या. मान खाली घालून उभ्या असलेल्या फोटोग्राफरपुढे माणूस सैल होतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि मला ते पटलं होतं.

मरोळच्या एका छापखान्यात मी डिझाइनचं काम करते. नावाजलेले कॅमेरे त्या पगारात बसणारे नव्हते. वर्षभर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळल्या. एकाच्या भिंगात बुरशी, एकाचं शटर मेलेलं, एक तर फक्त शोकेसमध्ये ठेवण्याच्या लायकीचा. मग मुलुंडची जाहिरात दिसली. जपानी बनावट, एकाच मालकाने वापरलेला, चामडी केससह, आणि किंमत मला झेपेल अशी.

फोन केला. पलीकडे रिटायर्ड इंजिनिअर होते, पंचाहत्तरीचे असावेत. मी भिंगातल्या बुरशीबद्दल विचारलं तर खूश झाले. म्हणाले, "हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे नमस्कारसुद्धा करत नाहीत, लास्ट प्राइस काय ते सांगा म्हणतात." त्या आठवड्यात आमचं तीनदा बोलणं झालं. तिसऱ्या वेळी 'अहो'चं 'अगं' झालं होतं. तरुणपणी त्या कॅमेऱ्याने त्यांनी गडकिल्ल्यांच्या सहलींचे, मुलांच्या मुंजींचे फोटो काढले होते. "योग्य हातात जायला हवा बघ," ते म्हणाले. "रविवारी सकाळी ये."

मी गेले. तिसरा मजला, दाराबाहेर चपलांचं लाकडी कपाट, आत सगळं टापटीप. काकूंनी हसून बसवलं, "कॉफी टाकते" म्हणून आत गेल्या. काकांनी टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरला आणि त्यावर कॅमेरा ठेवला. मी टॉर्च घेऊन भिंगं पाहिली. शटरचे सगळे वेग एकेक करून ऐकले. एक सेकंदाचा थोडा अडखळत होता, बाकी ठीक होते. वरचं झाकण उघडून आत पाहिलं तर खिडकीतली तुळशीची कुंडी उजवीकडची डावीकडे होऊन काचेवर थरथरत होती. मी झाकण लगेच मिटलं नाही, इतकं ते सुंदर होतं.

"जमतंय तुला," काका म्हणाले. "शिकलीस कुठे?"

"स्वतःच. पुस्तकं वाचून."

"वा. आडनाव काय म्हणालीस?"

फोनवर मी फक्त नाव सांगितलं होतं. आता आडनाव सांगितलं. मग गाव-जिल्हा विचारला, तोही सांगितला. मग वडील काय करत होते ते. आम्ही बौद्ध आहोत हे मी उच्चारलं नाही. उच्चारावं लागत नाही. आमचं आडनाव आणि जिल्हा एकत्र आले की समोरच्याला हिशेब जमतो.

काका "हं" म्हणाले. नंतर ते टॉवेलच्या कडा सारख्या करत राहिले. स्वयंपाकघरातून कॉफीचा वास येत होता. त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण मिटलं, भिंगांवर टोपी बसवली. म्हणाले, "खरं सांगायचं तर आमच्या भाच्यानेही विचारलंय. त्याला विचारून तुम्हाला कळवतो."

'अगं'चं पुन्हा 'तुम्ही' झालं होतं. पैसे माझ्या पर्समध्ये होते. मी उठले. कॉफी बाहेर आली नाही.

बुधवारी मेसेज आला, भाचा घेतोय, क्षमस्व. मी स्वतःला समजावलं. भाचा असेलही. माणसाला भाचे असतात. तीन आठवड्यांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, तोच टॉवेल, किंमत आधीपेक्षा कमी.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मी ते दाखवलं. बोरिवलीचा आहे तो. आठ वर्षं एकाच टेबलावर डबे उघडलेले. त्याचं आडनाव असं आहे की कुठल्याही सोसायटीत दार उघडतं, आणि हे त्याच्या कधी लक्षात आलेलं नाही.

"तुला तसं वाटलं असेल गं," तो म्हणाला. "म्हातारी माणसं विसरतात. भाच्याने नाही म्हटलं असेल, तुझा नंबर सापडला नसेल."

"मग तू जा. माझ्यासाठी आण."

"जातो की. त्यात काय."

त्याला शटर कुठे असतं तेही माहीत नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं, काय बघायचं, काय विचारायचं. सोमवारी तो कॅमेरा घेऊन आला. सोबत उजेड मोजायचा लाइट मीटर, दोन फिल्टर आणि भिंग पुसायचा ब्रश, हे सगळं काकांनी वर दिलेलं. किंमतही आणखी उतरवली होती.

"काय माणूस आहे यार, झकास," तो सांगत होता. "काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली. जेवूनच जा म्हणत होते."

"तुला आडनाव विचारलं?"

"विचारलं ना. सगळेच विचारतात." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "जाऊ दे ना. मिळाला ना कॅमेरा? अजून स्वस्तात मिळाला."

त्याचं चुकत नव्हतं. कॅमेरा मिळाला होता. मी त्याला त्याच दुपारी पैसे दिले आणि आभारही मानले. घरी आईला दाखवला तेव्हा तिने तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि कुणाकडून घेतला ते विचारलं. मी मित्राकडून म्हटलं.

त्या बायकांचे फोटो मात्र मनासारखे निघाले. मी मान खाली घातली की त्यांना वाटायचं, ही अजून काहीतरी जुळवतेय, आणि त्या आपापसात बोलायला लागायच्या. आईचा एक फोटो आहे, ती मोरीच्या उंबऱ्याशी बसून कुणावर तरी हसतेय. अंधेरीच्या लॅबमधून रोल धुऊन आला तेव्हा मी तिथेच बाकावर बसून निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिल्या.

दोनेक महिन्यांनी सहकारी म्हणाला, "काकांचा परत फोन आला होता. कॅमेऱ्याने काय काढलंस, दाखव म्हणतात. तुझे दोन-तीन प्रिंट दे ना. म्हातारा खूश होईल."

"तू काढले म्हणून दाखवणार?"

"मी काही बोलणारच नाही. नुसते दाखवीन."

ही गोष्ट त्याने इतक्या सहज मागितली की मला आधी कळलंच नाही, राग नक्की कशाचा आला. मी म्हटलं, "मीच नेऊन देते." त्याला ती गंमत वाटली.

पुढच्या शनिवारी मी प्रिंट घेऊन मुलुंडला गेले. दार काकूंनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं, हे त्यांच्या नजरेवरून कळलं. काका पेपर वाचत होते. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेक प्रिंट कडेला धरून, बोटाचा ठसा उमटू न देता, नीट पाहिला. आईच्या फोटोवर बराच वेळ थांबले.

"उत्तम," ते म्हणाले. "कुणी काढलेत?"

"मी. तुमच्याच कॅमेऱ्याने."

"त्याने तुम्हाला विकला?"

"त्याने माझ्यासाठीच घेतला होता."

त्यांनी प्रिंट पुन्हा पाकिटात घातले, तितक्याच काळजीने. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

मी मनाशी खूप काही ठरवून आले होते. त्यातलं एवढंच म्हटलं, "काका, मी आधी सरळच आले होते ना. तुम्ही भाच्याचं सांगितलंत."

"भाच्याने नाही घेतला."

"मग मला एक फोन करता आला असता."

"माझी वस्तू आहे. कुणाला द्यायची ते मी ठरवणार." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखरच दुखावल्यासारखं वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना. काकू मागून म्हणाल्या, "उन्हातून आलीय, पाणी तरी..." काका म्हणाले, "त्या निघाल्यात." मी निघाले.

सोमवारी सहकारी माझ्यावर उखडला. काकांनी त्याला फोनवर नको नको ते ऐकवलं होतं. खोटारडा म्हटलं होतं.

"कशाला गेलीस तू? मी तुझ्यासाठी केलं ना सगळं? तुला कॅमेरा हवा होता की भांडण?"

याचं उत्तर मला आता सुचतं. मला तो विकत घ्यायचा होता, एवढंच. कुणीही घेतो तसा, बेल वाजवून, पैसे मोजून. पण हे त्याला सांगायची वेळ गेली होती. त्याने स्वतःहून जागा बदलून मागितली. आता कामापुरतं बोलतो, आणि 'मॅडम' म्हणतो. आठ वर्षांत मला त्याच्याकडून कधी काही लागलं नव्हतं. एकदा मागितलं आणि त्याने ते दिलंही. त्याच्या बाजूने पाहिलं तर मीच कृतघ्न आहे.

कॅमेरा चालतो. पावसाळ्यात एक सेकंदाचा वेग अडकतो, म्हणून मी तो वापरत नाही. आईच्या बरोबरच्या बायकांपैकी दोघी आता नाहीत. त्यांच्या घरी मीच काढलेले फोटो हार घालून लावले आहेत. तिथे आलेलं कुणीतरी कधी विचारतं, असा कॅमेरा आजकाल मिळतो कुठे, आणि एवढ्या स्वस्तात कसा मिळाला. मी म्हणते, नशीब. मग ते म्हणतात, खरंच नशीबवान आहेस, आणि मी मान हलवते.