टूकनचं बाळंतपण

ओठांवर बोट ठेवून भाई मला पिंजऱ्याच्या दारातच अडवायचा. "चपला काढा साहेब. बाई बसलीय."

बाई म्हणजे टूकन. चित्रात तुम्ही पाहिला असेल, आधी चोच येते आणि मागाहून पक्षी, तो. आखातातल्या अल ऐनच्या एका अरबाबनं, म्हणजे भाईच्या मालकानं, दक्षिण अमेरिकेतली जोडी हौसेनं आणून एसी पिंजऱ्यात ठेवली होती. नव्वदीतली गोष्ट. पक्षी सांभाळायला रत्नागिरीचा भाई, एसी सांभाळायला मी.

त्या वर्षी मादीनं पोकळ खोडात अंडी घातली आणि तिकडे भाईच्या बायकोचेही चौथ्यांदा दिवस भरत आले. आधीच्या तिन्ही वेळेस हा इथेच. या खेपेला त्यानं सुट्टी मागितली. अरबाब म्हणाला, "आधी पिल्लू, मग सुट्टी. इन्शाल्ला."

भाई काळजीत पडला, कारण मादी स्वतःला कोंडून घेईना.

"आमच्याकडे धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते. नर फटीतून भरवतो. हिला कोणी शिकवलंच नाही साहेब."

धनेश काय, टूकन काय, दोघांच्या चोची अवाढव्य, तेव्हा रीतही एकच असणार. मी पुण्याचा, 'मला माहीत नाही' हे वाक्य आमच्या तोंडून निघत नाही. मी गंभीरपणे मान हलवली आणि पुट्टीपेक्षा माती बरी, असा तज्ज्ञ सल्लाही दिला. मादी आत असताना आम्ही दोघांनी खोडाचं तोंड लिंपलं. फट ठेवली.

थोड्या वेळानं नर आला. भाईनं पपईची फोड पुढे केली. "घे बाबा, भरव तिला."

त्यानं ती स्वतः खाल्ली आणि चोचीनं आमची भिंत पाडली. मादी बाहेर आली, आमच्याकडे न बघता द्राक्षं खायला गेली. नर आत शिरला.

"साहेब," भाई कुजबुजला, "बाप्या बसला."

मग दोघं आळीपाळीनं बसू लागली आणि भाई बघत राहिला. एकदा म्हणाला, "तिन्ही वेळा मी इथे कामगारांच्या कॅम्पात मिठाई वाटली. दुसरं काय केलं?"

आमच्या गवंडीकामानं अंडी गार पडली असतील, या धास्तीनं मी त्या दिवसांत घरीसुद्धा नीट वागलो.

एका सकाळी तो वर्कशॉपमध्ये धावत आला. "निघालं. नागडं, आंधळं, चोच एवढीशी. बघवत नाही, पण तोंड उघडतंय."

अरबाबनं शब्द पाळला. भाई त्याच दिवशी निघाला.

महिना उलटला तरी परतला नाही, म्हणून मी फोन केला. मागून तान्हं रडत होतं.

"भाई, कधी येतोस?"

"ठेवतो साहेब. ही जेवायला बसलीय, आता माझी पाळी."